पहिली लाकडी होडी : एक अभ्यास

लाकूड हलके असते म्हणून होडी तरंगते, असा अनेकांचा समज असतो. मग लोखंडाची युद्धनौका का तरंगते? याचे उत्तर नववीच्या विज्ञानात आहे. होडी जेवढे पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर पाणी तिला खालून वर लावते. हा आर्किमिडीजचा नियम पाठ करणे सोपे आहे. पण आपण स्वतः केलेल्या होडीत दहा वर्षांची धाकटी बहीण बसणार असेल, तर तो नियम नीट समजलाच पाहिजे. गेल्या उन्हाळी सुटीत बाबांनी आणि मी बेंगळुरूच्या घरी, गॅरेजमध्ये एक छोटी होडी बांधली. त्या कामात जे शिकलो ते कॅडेट मित्रांसाठी येथे लिहीत आहे.

होडी केवढी असावी?

पहिली होडी लहान, सपाट तळाची आणि सरळ फळ्यांची असावी. याचे उत्तम उदाहरण म्हणजे ऑप्टिमिस्ट. 1947 साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात क्लार्क मिल्स यांनी मुलांसाठी हिचा आराखडा केला. प्लायवूडची शीट 8 फूट बाय 4 फूट असते, म्हणून होडीची लांबी 8 फुटांच्या आतच ठेवली. त्यामुळे कोणत्याही वडिलांना मुलांबरोबर ती घरी बांधता येई. आज पंधरा वर्षांपर्यंतची मुले जगभर या होडीच्या शर्यतीत भाग घेतात. आमची होडी शर्यतीची नाही, तिला शीडही नाही. ती वल्ह्यांची आहे. पण लांबीचा नियम आम्ही तोच पाळला.

लाकूड कोणते?

घरातील कपाटाचे साधे प्लायवूड पाण्यात टिकत नाही. त्याचा डिंक सुटतो आणि थर उलगडतात. होडीसाठी मरीन प्लायवूड लागते. त्यावर आय.एस. 710 हा मानक क्रमांक छापलेला असतो. या प्लायचा डिंक 72 तास उकळत्या पाण्यात ठेवूनही सुटता कामा नये, अशी त्याची परीक्षा असते. प्लायवूडवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आपल्याच शहरात आहे. आम्ही 6 मिलिमीटर जाडीच्या तीन शीट घेतल्या. कापण्यापूर्वी प्रत्येक शीटची कड पाहिली. थरांमध्ये पोकळी दिसली तर ती शीट परत करावी, कारण पाणी तेथूनच आत शिरते.

शिवलेली होडी

होडी शिवतात, हे ऐकून बहिणीला हसू आले. पण ही पद्धत आपल्या देशात फार जुनी आहे. नौदलाचे 'आय.एन.एस.व्ही. कौंडिण्य' हे जहाज गोव्यात अशाच पद्धतीने बांधले गेले आणि 21 मे 2025 रोजी कारवार येथे नौदलात दाखल झाले. अजिंठ्याच्या लेण्यातील पाचव्या शतकातील जहाजाचे चित्र हा त्याचा आधार होता. केरळचे कुशल कारागीर बाबू शंकरन यांच्या मार्गदर्शनाखाली त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवण्यात आल्या.

घरगुती होडीतली शिवण वेगळी असते. फळ्यांच्या कडांना गिरमिटाने सुमारे 15 सेंटिमीटर अंतरावर बारीक भोके पाडतात. त्यांतून तांब्याची तार ओवून पक्कडीने पिळतात. सपाट फळ्या जवळ येतात आणि होडीचा आकार आपोआप उभा राहतो. मग आतल्या कोपऱ्यांत घट्ट इपॉक्सी भरतात आणि त्यावर काचतंतूची पट्टी चिकटवतात. इपॉक्सी पक्के झाले की तारा काढून टाकतात. म्हणजे कौंडिण्यची शिवण कायमची, तर आमची शिवण केवळ आधारापुरती.

तारा पिळल्यानंतर आणि इपॉक्सी भरण्यापूर्वी एक काम विसरू नये. दोन्ही कर्ण दोरीने मोजावेत. ते सारखे नसतील तर होडी वाकडी आहे. वाकडी होडी वल्हवताना कायम एका बाजूला ओढते, आणि इपॉक्सी वाळल्यावर त्यावर उपाय नसतो.

इपॉक्सीबाबत बाबांचे तीन नियम होते. गॅरेजचे शटर पूर्ण उघडे ठेवायचे. हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही. एका वेळी थोडेच मिश्रण करायचे. इपॉक्सी घट्ट होताना उष्णता बाहेर पडते. खोल डब्यात जास्त मिश्रण राहिले तर ते तापून धुरू लागते. तेच मिश्रण पसरट थाळीत घेतले की उष्णता निघून जाते आणि कामाला वेळ मिळतो.

वजनाचा हिशेब

आमच्या होडीचा तळ सुमारे 2 मीटर लांब आणि सरासरी 85 सेंटिमीटर रुंद आहे. म्हणजे क्षेत्रफळ 1.7 चौरस मीटर. होडी 1 सेंटिमीटर बुडाली की 17 लिटर, म्हणजेच 17 किलो पाणी बाजूला सरते. होडी 38 किलो, मी 52 किलो आणि बहीण 30 किलो, एकूण 120 किलो. 120 भागिले 17, म्हणजे साधारण 7 सेंटिमीटर. तळ दोन्ही टोकांना वर वळलेला असल्यामुळे होडी प्रत्यक्षात त्याहून थोडी अधिक बुडणार, हे आम्ही धरून चाललो. बाजूंची उंची 35 सेंटिमीटर आहे, म्हणजे पाण्यावर भरपूर भाग उरतो.

पण होडी उलटली किंवा पाण्याने भरली तर? यासाठी पुढे आणि मागे प्रत्येकी 50 लिटरचा हवाबंद कप्पा केला. होडी काठोकाठ भरली तरी या कप्प्यांमुळे ती बुडत नाही, आणि पाण्यात पडलेल्यांना धरायला आधार राहतो.

चाचणी

शहरातील तलावात परवानगीशिवाय होडी घालता येत नाही. म्हणून बाबांच्या ओळखीच्या एका शेतकरी काकांच्या तळ्यावर, त्यांच्या देखरेखीखाली चाचणी घेतली. होडीच्या बाजूवर दर सेंटिमीटरला रेघ आखली होती. प्रथम माणसे नव्हे, तर वाळूच्या पोत्यांचे 82 किलो वजन ठेवले. पाणी नवव्या रेघेवर थांबले. अर्ध्या तासाने आतले सांधे बोटाने तपासले, ते कोरडे होते. मग पोती काढून बादल्यांनी होडी भरली. ती कडेपर्यंत बुडाली, पण तरंगत राहिली. एवढे झाल्यावरच आईने बहिणीला बसू दिले. तीही लाइफ जॅकेट घालून, आणि दोरीचे टोक बाबांच्या हातात ठेवून.

मोठ्या सफरींची सुरुवात

एकट्याने, कोठेही न थांबता जगप्रदक्षिणा करणारे पहिले खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची 'सुहेली' ही होडी आपल्या मुंबईतील कुलाब्यात सागवानाची बांधली गेली होती. 1968–69 मध्ये त्यांनी ती सफर 312 दिवसांत पूर्ण केली. पुढे गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी 19 ऑगस्ट 2009 ते 19 मे 2010 या काळात एकट्याने जगप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. म्हादेईच्या बांधणीच्या काळातही ते गोव्यातील त्या गोदीत राबले होते. ज्या होडीवर जीव सोपवायचा, तिचा सांधा न् सांधा त्यांना ठाऊक होता.

हीच गोष्ट आपल्यालाही लागू आहे. रायफल असो वा दोरखंड, आपल्या आणि सोबत्याच्या जिवाचा भार ज्यावर पडणार, ते साधन आधी स्वतः तपासावे. ज्यांना पुढच्या सुटीत होडी बांधायची आहे, त्यांनी आधी पोहायला शिकावे, मग पुठ्ठ्याची एक छोटी प्रतिकृती करावी आणि त्यानंतरच प्लायवूडला करवत लावावी.