तेल वर चढतं, पण उतरतं कुठून?

प्रश्न : वडिलांची १९८० च्या दशकातली कास्ट आयर्न बुलेट ३५० बरीच वर्षं टिनाच्या शेडमध्ये पडून होती. गेल्या उन्हाळ्यात तिचं इंजिन पूर्ण बांधून घेतलं. बोअर केलं, पिस्टन नवा, रिंगा नव्या, व्हॉल्व्ह गाईडही नवे. तरी निळा धूर निघतोच. दुसऱ्या मिस्त्रींनी हेड उघडून पाहिलं आणि म्हणाले, “तेल उतरायची वाट बंद आहे.” तेल परत न्यायला इंजिनात पंप असतो ना? मग ते अडतं कसं? आणि नव्याने बांधलेल्या इंजिनात वाट बंद झालीच कशी?
— एक वाचक, रिसोड

उत्तर : तुमच्या दुसऱ्या मिस्त्रींचं निदान पटण्यासारखं आहे. पंपाबद्दलची तुमची शंकाही रास्त आहे, आणि गाठ नेमकी तिथेच आहे.

जुन्या बुलेटच्या इंजिनात एक नाही, दोन पंप असतात. तेलाची टाकी क्रँककेसच्या आतच, क्रँकच्या मागच्या बाजूला असते. एक पंप टाकीतलं तेल उचलून क्रँकच्या बिग एंडकडे दाबाने पाठवतो. तिथून उडणाऱ्या शिंतोड्यांनी पिस्टन आणि बोअर भिजतात. दुसरा पंप क्रँककेसच्या तळाशी साचलेलं तेल खेचून पुन्हा टाकीत टाकतो. वर रॉकरपर्यंत तेल जातं ते बाहेरून दिसणाऱ्या बारीक नळ्यांतून.

आता रॉकरपर्यंत पोचलेल्या तेलाचा परतीचा प्रवास पाहा. ते व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांवरून निथळतं, हेडमधल्या छोट्या वाटांनी पुश रॉडच्या बोगद्यात येतं, टायमिंग गिअरच्या कप्प्यात पडून तिथले दाते भिजवतं आणि मग आणखी खाली जातं. या सबंध प्रवासात त्याला ढकलणारं कोणी नाही. ते केवळ आपल्या वजनाने उतरतं. परतीचा पंप आहे खरा, पण तो तळाशी बसलेला. तळापर्यंत आलेलं तेल तो उचलेल. हेडमध्ये अडकलेलं तेल त्याच्यापर्यंत पोचतच नाही. जाण्याच्या वाटेत थोडी घाण असली तरी पंपाचा जोर तिच्यावर मात करू शकतो. उतरायच्या वाटेत तेवढीच घाण असली तरी तेल तुंबतं.

गच्चीवरचं पन्हाळं पालापाचोळ्याने बुजलं की पाणी साचतं आणि स्लॅबमधून घरात उतरतं, तसंच इथेही होतं. हेडमध्ये तेलाचं तळं झालं की व्हॉल्व्ह गाईडची तोंडं त्यात बुडतात. चालत्या गाडीचा थ्रॉटल सोडला की सिलिंडरमध्ये जोरदार ओढ तयार होते आणि तेल इनटेक व्हॉल्व्हच्या दांड्यालगत आत खेचलं जातं. पुन्हा थ्रॉटल दिला की ते जळतं. गाईड काल बसवलेला असला तरी बुडालेल्या अवस्थेत तो तेल थोपवू शकत नाही.

म्हणून धूर कधी येतो, हे आधी पाहावं. चार-आठ दिवस उभी राहिलेली गाडी किक मारल्यावर काही मिनिटं धुराचा लोट सोडून शांत होत असेल, तर टाकीतलं तेल हळूहळू पाझरून क्रँककेसमध्ये उतरलेलं असतं; परतीच्या पंपाने ते उपसलं की धूर थांबतो. ओढ देताना सतत धूर येत असेल, तर संशय रिंगांवर घ्यावा. आणि उतारावर थ्रॉटल सोडून पुन्हा दिल्यावर, किंवा बराच वेळ जागेवर चालू ठेवून निघाल्यावर धूर येत असेल, तर हेड पाहावं. धूर दिसला की रिंगा बदलायच्या, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. त्यात अनेकांचे पैसे वाया जातात.

रिंगांचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक वाट सांगतो, जी फार थोडे लोक तपासतात. पिस्टनची खालची रिंग तेल खरवडणारी असते. तिने खरवडलेलं तेल तिच्या खाचेतल्या बारीक भोकांमधून पिस्टनच्या पोटात जातं आणि तिथून खाली पडतं. ही भोकंही तेल उतरायचीच वाट. जुना पिस्टन ठेवून फक्त रिंगा बदलल्या आणि भोकांतला कार्बन तसाच राहिला, तर खरवडलेल्या तेलाला जायला जागा उरत नाही आणि नव्या रिंगांनाही धूर येतो. तुमचा पिस्टन नवा आहे, त्यामुळे ही शंका तुमच्यापुरती मिटली.

वाटा बंद होतात कशाने? पहिलं कारण आपल्या गावाकडच्या वापरात आहे. घर ते शेत असा दोन-तीन किलोमीटरचा फेरा केला की इंजिन पुरेसं तापत नाही. आत जमलेली वाफ बाहेर न जाता तेलात मिसळते, काळ्या मातीची बारीक धूळ तिला मिळते आणि लोण्यासारखा गाळ कोपऱ्याकोपऱ्यात बसतो. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की तोच गाळ डांबरासारखा घट्ट होतो.

दुसरं कारण म्हणजे कुंभारीण माशी. नळ्या काढून शेडमध्ये उघडं ठेवलेलं इंजिन तिला फार सोयीचं. पेन्सिल जाईल एवढं भोक दिसलं की ती ओल्या मातीचे गोळे आणून आत घर करते, पिल्लांच्या खाण्यासाठी अळ्या किंवा कोळी भरून ठेवते आणि तोंड लिंपून टाकते. लक्षात ठेवा, ही वाळलेली माती रॉकेल-डिझेलमध्ये कितीही भिजवली तरी सुटत नाही. तिला पाणीच लागतं.

तिसरं कारण खुद्द इंजिन बांधण्यात असतं, आणि तुमच्या प्रश्नाच्या शेवटच्या भागाचं उत्तर बहुधा इथेच आहे. तयार पॅकिंग मिळालं नाही की मिस्त्री पॅकिंगचा कागद जागेवर धरून कडेकडेने हातोडीचे हलके ठोके मारत कापतात. बोअरचं मोठं भोक छान पडतं, स्टडची भोकंही पडतात; तेलाची वाट मात्र अर्धी झाकलेली राहते. वर सिलिकॉनचा जाड थर दिला, तर नट कसल्यावर तो दोन्हीकडे दाबला जातो. बाहेर आलेला आपण बोटाने पुसतो. आत आलेला तसाच राहतो आणि सुटून वाटेत अडकतो. क्रँककेस चमकवण्यासाठी वाळूचा मारा केला असेल, तर ती बारीक खरही आतल्या वाटांत दडून बसते. पुढे ती तेलाबरोबर बिग एंडमध्ये गेली, तर धुरापेक्षा कितीतरी मोठं नुकसान होतं.

साफ करायची रीत अशी. हेड, ब्लॉक आणि क्रँककेस पूर्ण सुटे करावेत. आधी साबणाच्या गरम पाण्याने माती सोडवावी, नीट वाळवावं आणि मग रात्रभर रॉकेल किंवा डिझेलमध्ये भिजत ठेवावं. हे काम चुलीपासून आणि विडीकाडीपासून लांब, उघड्यावर करावं. कॉस्टिक सोड्यात उकळण्याचा सल्ला कोणी दिला, तर ऐकू नका. ‘कास्ट आयर्न बुलेट’ म्हणतात ती ब्लॉकमुळे. हेड आणि क्रँककेस अ‍ॅल्युमिनियमचे असतात, आणि कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियम खातो. भोकांत पोलादी तार खुपसू नये, ती ओरखडे काढते आणि तुटून आत राहते. वायरमधली तांब्याची तार किंवा नायलॉनचा बारीक ब्रश बरा. शेवटी कंप्रेसरची हवा मारावी, तीही तेल वाहतं त्याच्या उलट दिशेने, म्हणजे घाण आली तशी परत निघते. डोळ्यांवर चष्मा हवाच.

हवा आरपार गेली म्हणजे वाट मोकळी झाली, असं मात्र समजू नका. दाबाची हवा अर्ध्या बुजलेल्या भोकातूनही जाते. खरी परीक्षा वजनाने वाहण्याची. हेड मोटारसायकलवर बसतं तसंच धरून व्हॉल्व्हच्या दोन्ही कप्प्यांत चमचाभर पातळ तेल ओतावं आणि ते खाली कुठे, किती वेळात येतं ते पाहावं. एका बाजूने लगेच धार लागली आणि दुसरीकडे तेल रेंगाळलं, तर दुसरी बाजू पुन्हा साफ करायला हवी.

क्रँककेसचा ब्रीदरही तपासून घ्या. पिस्टन खाली येताना आतली हवा तिथून बाहेर पडते. तो तुंबला की आत दाब साठतो, आणि वजनाने उतरू पाहणाऱ्या तेलाला तो खालून अडवतो. जागोजागच्या पॅकिंगमधून तेल पाझरतं तेही त्याच दाबाने.

जाड तेल घालण्याचा उपाय अनेक जण सुचवतात. जाड तेल उतरायला आणखी वेळ घेतं, त्यामुळे तुमच्या बाबतीत त्रास वाढेल. २०डब्ल्यू-५० पुरेसं आहे. जुन्या येझदीवाले किंवा राजदूतवाले शेजारी म्हणतील, आम्हाला हा त्रास कधीच झाला नाही. बरोबर आहे, त्या टू-स्ट्रोक गाड्या. त्यांत तेल पेट्रोलबरोबर जाऊन जळतं, परत उतरायचा प्रश्नच येत नाही.

हेड पुन्हा बसवण्याआधी मिस्त्रींना तेल ओतून दाखवायला सांगा आणि पॅकिंग जागेवर ठेवून प्रत्येक भोक जुळतं का, ते तुम्ही स्वतः पाहा. सुटलेला उरलासुरला गाळ पहिल्या काही दिवसांत खाली येतो. म्हणून साधारण पाचशे किलोमीटर झाल्यावर इंजिन गरम असताना तेल बदला, आणि इंजिनाखालचे दोन्ही ड्रेन नट उघडा : एक टाकीचा, दुसरा क्रँककेसचा.