औंधचे राजदूत

राजदूत म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हते. गुरुजी म्हणाले, "परक्या देशात राहून आपल्या देशाच्या वतीनं बोलतो, तो राजदूत." असे एक राजदूत आपल्या सातारा जिल्ह्यातले होते. त्यांचे नाव आप्पासाहेब पंत.

त्यांचा जन्म १९१२ साली झाला. वडील औंधचे राजे. संस्थान लहान आणि विखुरलेले. औंध साताऱ्याकडे, तर आटपाडी व कुंडल ही गावे आजच्या सांगली जिल्ह्यात. आप्पासाहेब विलायतेत शिकून बॅरिस्टर झाले. १९३९ साली राजांनी राज्याचा कारभार लोकांच्या हाती दिला. त्या कामात आप्पासाहेब पुढे होते. माझी आजी आटपाडीची. ती म्हणते, "हातातली सत्ता कुणी सोडतं का रं? त्यांनी सोडली."

१९४८ साली ते भारताचे प्रतिनिधी म्हणून आफ्रिकेत नैरोबीला गेले. तिथे तेव्हा इंग्रजांचे राज्य होते. आप्पासाहेबांनी तिथल्या काळ्या लोकांचे पुढारी जोमो केन्याटा यांच्याशी मैत्री केली. इंग्रजांना ते रुचले नाही. तरी ते मागे हटले नाहीत. १९६३ साली केनिया स्वतंत्र झाला. आप्पासाहेब पुढे इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, इंग्लंड, इटली इतक्या देशांत राहिले. १९९२ साली ते वारले.

मला वर्गात उभं राहून बोलायची लई भीती वाटते. शब्द तोंडातच राहतात. पण हा लेख उद्या परिपाठाला मीच वाचणार आहे. हसू नका बरं का!