आरोग्यपाठ : ओटीपोटात दुखते तेव्हा

पाड्यांवर शिबिराला गेले की मुली आधी डोकेदुखी सांगतात, मग अंगदुखी. उठता उठता हळूच म्हणतात, "सिस्टर, खाली पोटातपण दुखतं." आशाताईंनी व बचत गटाच्या ताईंनी हा पाठ मुलींना वाचून दाखवावा, म्हणून सोपा लिहिते.

डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतील ६५० स्त्रियांचा अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग आढळला. त्याआधी तपासणी झालेल्या शंभरात जेमतेम आठ होत्या.

दुखणे कधी येते, ते आधी पाहावे. पाळीच्या पहिल्या एक-दोन दिवसांत येऊन थांबले, तर बहुधा पाळीचेच. शेक आणि नर्सने दिलेली गोळी पुरते. पण दर महिन्याला वाढत असेल, शाळा बुडत असेल, तर "लग्न झालं की थांबेल" म्हणून मुलीला गप्प करू नका. पिशवीच्या आतल्यासारखे अस्तर बाहेर वाढण्याचा एंडोमेट्रिओसिस हा आजार असाच वाढत जातो.

पाळी नसतानाही दुखते, ताप येतो, अंगावरून घाण वासाचे जाते, तेव्हा जंतुसंसर्गाचा संशय घ्यावा. औषध पूर्ण घ्यावे, आणि डॉक्टर सांगतील तसे नवऱ्यानेही. तो टाळतो आणि आजार उलटतो, हे नेहमीचे. लघवीला जळजळ असेल तर लघवी तपासावी. सिकलसेलच्या मुलीने आपले कार्ड दाखवावे. त्या आजारातही पोटात कळा येतात. पिशवीचा क्षय खोकल्याशिवाय होऊ शकतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. पाळी चुकली आहे, एका बाजूला कळ आहे, चक्कर येते, तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. नळी फुटली की रक्त पोटात साचते. बाहेर थोडेच दिसते, म्हणून घरचे फसतात. काही तासांत जीव जाऊ शकतो. बेंबीपासून उजवीकडे उतरलेली कळ अपेंडिक्सची असू शकते. एकाएकी असह्य कळ व उलट्या असतील, तर अंडाशयाला पीळ पडलेला असू शकतो. अशा वेळी "बेंबी सरकली" म्हणून पोट चोळू नका. भगताला मानत असाल तर माना, पण आधी १०८ ला फोन करा.

दवाखान्यात पहिला प्रश्न येतो तो शेवटच्या पाळीच्या तारखेचा, म्हणून ती कॅलेंडरवर लिहीत जा. गरोदरपण तपासायचे किट आशाताईंकडे मिळते. संबंध आले का, हेही विचारतील. आईंनो, तेवढा वेळ बाहेर बसा. तुमच्यासमोर मुलगी खरे बोलणार नाही आणि औषध चुकेल. कुमारी मुलीची आतून तपासणी करावीच लागते असे नाही. लघवी, रक्त आणि पोटावरून सोनोग्राफी यांवर पुष्कळ कळते. त्या सोनोग्राफीला जाताना भरपूर पाणी प्यावे, लघवी रोखून धरावी. तपासताना जवळ बाई हवी, असे मुलीने स्पष्ट सांगावे.