सर्पगंधा आणि मेंदूंतील निरोप

सर्पगंधेच्या मुळीचें नांव पुष्कळ वाचकांनीं ऐकिलें असेल. वेडावर ती आपल्या देशांत पूर्वापार देत असत. सन १९३१ मध्यें कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस ह्यांनीं उन्माद व रक्तदाब ह्यांवरील तिचा गुण प्रसिद्ध केला. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमध्यें तिच्यांतील 'रेसर्पिन' हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. एवढीशी मुळी खवळलेल्या मनास शांत कशी करिते?

मेंदूंतील पेशी तारायंत्राच्या तारेप्रमाणें अखंड जोडलेल्या असतात, अशी आमच्या वर्गांत बहुतेकांची समजूत दिसते. ती खरी नाहीं. दोन पेशींमध्यें मिलिमीटरच्या सुमारें ५०,००० व्या भागाएवढी फट असते. अलीकडच्या पेशीच्या टोकाशीं सूक्ष्म थैल्यांत डोपामिन, सेरोटोनिन इत्यादि द्रव्यें भरलेलीं असतात. निरोप आला कीं थैलीचें तोंड उघडतें, द्रव्य फट ओलांडून पैलतीरीं लागतें, आणि काम होतांच बहुतेक माघारें ओढून घेतलें जातें. खाडीवरील तर पाहिलेल्यांस हें सहज समजेल.

रेसर्पिन ह्या थैल्या भरूंच देत नाहीं, आणि बाहेर राहिलेलें द्रव्य पेशींतील विकरें नष्ट करितात. १९५७ सालीं स्वीडनमधील आर्व्हिड कार्लसन ह्यांनीं सशांना रेसर्पिन दिलें, तेव्हां ते कान पाडून निश्चल बसले. मग, ज्यापासून शरीर डोपामिन बनवितें, तें 'डोपा' टोंचतांच थोड्या वेळांत ते कान उभारून हिंडूं लागले! मेंदूंतील निरोपांविषयींच्या शोधांबद्दल कार्लसन ह्यांस सन २००० चें नोबेल पारितोषिक दोघां शास्त्रज्ञांसह विभागून मिळालें.

मनोविकारांवर रेसर्पिन आतां क्वचितच देतात. भ्रम व भास होणाऱ्या आजारावरील बहुतेक औषधें, डोपामिन जेथें उतरतें ते पैलतीरावरचे धक्केच अडवून धरितात. खिन्नतेवरील फ्लुऑक्सेटीन, जें अमेरिकेंत १९८७ सालीं मान्य झालें, सेरोटोनिन माघारें ओढूं देत नाहीं. मात्र येथें एक कोडें आहे. ही ओढ कांहीं तासांतच रोखली जाते, पण मन हलकें व्हावयास बहुधा कित्येक आठवडे लागतात. तेव्हां 'सेरोटोनिन कमी, म्हणून खिन्नता' हें सरळ समीकरण आम्हांस घाईचें वाटतें; त्या अवधींत पेशी हळूहळू आपली मांडणी बदलीत असाव्यात, असें शास्त्रज्ञ मानितात. आठ दिवसांत गुण नाहीं म्हणून मुलाची गोळी बंद करणाऱ्या वडील मंडळींनीं हा काळाचा हिशेब अवश्य पाहावा. बरें वाटूं लागल्यावरही डॉक्टर कांहीं महिने औषध चालू ठेवितात, आणि थांबवितांना मात्रा टप्प्याटप्प्यानें उतरवितात. एकाएकीं सोडल्यास घेरी, बेचैनी व निद्रानाश होऊं शकतो.