फायबरच्या पोटातलं लाकूड

फायबरला वाळवी लागत नाही, ते कुजत नाही, म्हणून फायबरची बोट घ्या, असं आमच्या किनाऱ्यावर कुणीही सांगेल. ते अर्धंच खरं आहे. बाहेरची कवटी फायबरची, पण तिला ताठ ठेवणाऱ्या तळातल्या लांब तुळया (स्ट्रिंगर) आणि इंजिन टांगायची मागची भिंत (ट्रान्सम) यांच्या पोटात जुन्या बोटींमध्ये बहुतेक वेळा प्लायवूडच असतं. त्यावर फायबरचं कातडं चढवलेलं, म्हणून दिसत नाही एवढंच.

माझी बोट देवबागहून पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला जाते. ती जुनी घेतली तेव्हाच सांगाडा मऊ झालेला होता, हे ठाऊक होतं. एका वर्कशॉपला काम दिलं, त्यांनी सगळं ‘नवं’ करून दिलं आणि वरून पांढराशुभ्र रंगही मारला. दुसरा पावसाळा उलटला तसं इंजिनाचा वेग वाढवला की ट्रान्सम श्वास घेतल्यासारखा हलायला लागला. मिस्त्रींनी तळाच्या फळ्या काढल्या आणि स्ट्रिंगरच्या कडेला स्क्रू ड्रायव्हर घातला. फायबरची अख्खी पट्टी हाताने उचलून आली. पट्टीखाली जुना निळा रंग जसाच्या तसा, चकचकीत, म्हणजे न खरवडताच वर फायबर चढवलेलं. ट्रान्समला आतून खालच्या बाजूला भोक पाडलं तर आधी तपकिरी पाणी आलं, मग ड्रिलच्या पात्याला भिजलेल्या मशेरीसारखा लगदा.

त्यानंतर जो भेटेल तो एकच वाद घालायचा, लाकूड की फोम? आमचे काका म्हणाले, ‘‘सागवान घाल रे, नातवापर्यंत टिकतला.’’ सागवान टिकतं, पण त्यात तेल असतं आणि त्यावर रेझिन नीट धरत नाही. ही गोष्ट लाकडी होडी बांधणाऱ्याला कधी आडवी येत नाही, कारण तो खिळ्यांनी जोडतो. फायबरच्या बोटीत सगळा जोड चिकटण्यावर असतो. म्हणून माझं मत असं की पहिला निर्णय रेझिनचा, मग कापडाचा आणि शेवटी आतल्या गाभ्याचा. लोक नेमका उलट्या बाजूने विचार करतात.

दुकानात ‘रेझिन द्या’ म्हटलं की जीपी पॉलिएस्टर हातात पडतं. स्वस्त असतं आणि पाण्याच्या टाक्यांपासून गणपतीच्या मखरापर्यंत सगळीकडे चालतं. त्याच्या वरचं आयसो, त्याच्या वर व्हिनाइल एस्टर आणि सगळ्यांत महाग इपॉक्सी. नवी बोट साच्यात बनते तेव्हा एकावर एक थर ओले असतानाच चढतात आणि रासायनिकरीत्या एकजीव होतात, तिथे पॉलिएस्टर उत्तम काम करतं. दुरुस्तीत मात्र खालचा थर वर्षानुवर्षांपूर्वी सुकलेला असतो. त्याच्यावर नवा थर फक्त खरखरीत पृष्ठभाग पकडून बसतो, निव्वळ चिकटून. सुकताना पॉलिएस्टर आकसतं, त्याने जोडावर ताण येतो. इपॉक्सी फारच कमी आकसतं आणि जुन्या पॉलिएस्टरवर, तसंच कोरड्या लाकडावर, जास्त घट्ट बसतं. सांगाड्याचे जोड आणि ट्रान्सम इपॉक्सीतच करावेत, या मतावर मी आता ठाम आहे. बाकी बोटीला हवं तर आयसो वापरा.

पण एकदा इपॉक्सी लावलं की मागे फिरता येत नाही. त्याच्यावर पॉलिएस्टर किंवा नेहमीचा जेलकोट (बाहेरचा चकचकीत थर) भरवशाने धरत नाही, वरून दोन भागांचा पीयू पेंटच लावावा लागतो. मिश्रणाचं प्रमाणही हाताच्या अंदाजाने ठरवायचं नाही. पॉलिएस्टरमध्ये हार्डनर साधारण 1 ते 2 टक्के, ऊन बघून कमीजास्त करता येतो. इपॉक्सीत मात्र कंपनीने जे प्रमाण लिहिलंय तेच, वजनकाट्यावर मोजून. लवकर सुकावं म्हणून हार्डनर वाढवला तर ते कायमचं मऊ राहतं. आणि मे महिन्यात भरलेला मग तसाच ठेवलात तर पाच-दहा मिनिटांत धूर निघेल. पसरट ट्रेमध्ये ओतून घ्या. पॉलिएस्टरवाल्यांनी एक लक्षात ठेवा: कोबाल्ट (रेझिनमध्ये घालायचा अॅक्सिलरेटर) आणि हार्डनर एकमेकांत थेट मिसळायचे नाहीत, भडका उडतो.

कापडाचं म्हणाल तर माझ्या बोटीत सगळीकडे चॉप मॅट चिकटवलेली निघाली. मॅटमधल्या काचेच्या तुकड्यांना धरून ठेवणारा बाइंडर पॉलिएस्टरमधल्या स्टायरिनमध्ये विरघळतो आणि मॅट मऊ होऊन वळणावर बसते. इपॉक्सीत स्टायरिन नसतं, त्यामुळे तीच मॅट ताठ राहते, आत हवा राहते. इपॉक्सीबरोबर शिवलेलं बायअॅक्सियल कापड घ्यावं, म्हणजे दोन दिशांना तिरके धागे असलेलं. स्ट्रिंगरच्या कडा आणि बोटीचा तळ यांच्या काटकोनात आधी सिलिका मिसळलेल्या घट्ट इपॉक्सीची गोलाई भरायची. पीव्हीसी पाइपच्या तुकड्याने ती छान ओढली जाते. मग कापडाच्या पट्ट्या एकाच रेषेवर न संपवता एकीपेक्षा दुसरी थोडी पुढे नेत लावायच्या. काटकोनात घडी पडलेलं कापड तिथेच तडकतं.

आता गाभा. स्ट्रिंगरची खरी ताकद वरच्या फायबरच्या टोपीत असते. गाभा मुख्यतः आकार देण्यापुरता. म्हणून तिथे घनमीटरला 80 किलोचा पीव्हीसी फोम बिनधास्त चालतो, कुजतही नाही. मात्र मखराचा थर्माकोल घालू नका, पॉलिएस्टर रेझिन त्याला खाऊन टाकतं. फर्निचरचा पांढरा पीव्हीसी बोर्डही ‘वॉटरप्रूफ’ म्हणून गळ्यात मारतात. तो पाण्याला भीत नाही हे खरं, पण भार आला की वाकतो. ट्रान्समची गोष्ट वेगळी. तिथे इंजिनाचे बोल्ट आवळायचे असतात, मऊ फोम चुरडून जातो. मी 19 मिलिमीटरचे दोन प्लाय एकमेकांना इपॉक्सीने चिकटवून घेतले, आयएस 710 चे, आयएस 303 चे नव्हे. 710 मध्ये डिंक 72 तास उकळून तपासतात, आणि लाकडाला औषधही मारलेलं असतं. तरी ती काही अमरत्वाची हमी नाही. ओल आत कोंडून राहिली तर डिंक शाबूत राहील, लाकूड जाईल.

ती ओल येते भोकांमधून. माझ्या ट्रान्समला इंजिन नव्हे, पाणी बाहेर काढायच्या नळीची दोन फालतू स्क्रूची भोकं भोवली. प्रत्येक भोक मोठं पाडायचं, घट्ट इपॉक्सीने पूर्ण भरायचं, सुकल्यावर त्यातच नेमकं लहान भोक पाडायचं. बोल्टच्या भोवती पीयू सीलंट. बाथरूमचा सिलिकॉन नको. बोल्ट 316 स्टीलचे.

आमच्याकडे एक अडचण मोठी आहे. जून-जुलैत मासेमारी बंद, पर्यटन बंद, बोटी वर ओढलेल्या असतात, म्हणून कामं त्याच दिवसांत निघतात. लॅमिनेशनसाठी तेच सर्वांत वाईट दिवस. हवेतली ओल प्लायमध्ये शिरते आणि तुम्ही तीच फायबरमध्ये बंद करता. इपॉक्सीवर चिकट पापुद्रा येतो, तो पाण्याने धुवून घासला नाही तर पुढचा थर सुटतो. मी बोट उघडून वाळवायचं काम ऑक्टोबर संपता संपता धरलं, हंगामाचे पैसे बुडाले. ते परवडले.

काम देताना बोट बंद करण्याआधीचे फोटो मागा: जुना थर ग्राइंडरने खरवडून मळकट-पांढरा झालेला, भोकं भरलेली, प्लायच्या कडांना इपॉक्सी पाजलेलं. रेझिनच्या डब्यांची लेबलंही टिपून ठेवा. माझ्या पहिल्या बिलावर नुसतं ‘फायबर काम’ लिहिलं होतं, त्यावर भांडायलाही जागा नव्हती. फोटो द्यायला जो का-कू करील, त्याच्याकडे बोट नेऊ नका.