विकासशील मनोवृत्ती आणि चौथीची वही: अनुभवाचे बोल

प्राथमिक वर्गातील विद्यार्थ्यांना 'विकासशील मनोवृत्ती' या विषयावर माहितीपर लेख लिहावयास सांगितला की पहिल्या खेपेस हाती येते ती बहुधा सुविचारांची माळ असते; तीत 'प्रयत्नांती परमेश्वर' असतो, पुन्हा पुन्हा जाळे विणणारा कोळी असतो आणि शेवटी 'म्हणून आपण सर्वांनी खूप मेहनत केली पाहिजे' हे वाक्य असते. शिरूर आणि दौंड तालुक्यांतील शाळांत हा विषय हाती घेणाऱ्या शिक्षकाने हे गृहीत धरूनच सुरुवात करावी, कारण मुलांना शाळेत निबंधाची सवय लागलेली असते आणि निबंधात उपदेश केल्यास शाबासकी मिळते हे त्यांना पुरते ठाऊक असते. माहितीपर लेखनाचे काम निराळे आहे: एखादी गोष्ट कशी घडते, ती कोणी व कशी तपासली, आणि ती कोठे लागू पडत नाही, हे वाचकाला कळेल अशा क्रमाने सांगणे.

क्षमता जन्मतः ठरलेली नसून योग्य सराव, नवी रीत आणि इतरांचे साहाय्य यांनी ती वाढू शकते, या धारणेला विकासशील मनोवृत्ती म्हणतात, आणि ती कायमची ठरलेली आहे असे मानण्याला स्थिर मनोवृत्ती. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक यांच्या 2006 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकामुळे ही कल्पना सर्वदूर पोहोचली. मुलांना सांगण्याजोगा भाग मात्र त्याआधीचा आहे. ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर यांनी 1998 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीच्या मुलांना कोडी सोडवावयास देऊन काहींची 'तू हुशार आहेस' अशी, तर काहींची 'तू चांगली मेहनत घेतलीस' अशी स्तुती केली. पुढे अवघड कोड्यांत अपयश आल्यावर हुशारीची स्तुती ऐकलेली मुले लवकर खचली व त्यांची नंतरची कामगिरी घसरली. हा प्रयोग चौथीच्या मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता येतो, आणि तो सांगितला की लेखाला कणा मिळतो.

येथेच दुसरा धोका आहे. मेहनत म्हणजेच विकासशील मनोवृत्ती, असा सोपा अर्थ शिक्षकही लावतात; खुद्द ड्वेक यांनी 2015 साली या गैरसमजाविरुद्ध लिहिले, कारण चुकीच्या रीतीने तेच गणित पन्नासदा सोडविणारे मूल पुढे जात नाही. परिणामाचे मापही नीट सांगावे: अमेरिकेतील नववीच्या सुमारे 12,000 विद्यार्थ्यांवरील 2019 च्या संशोधनात अभ्यासात मागे असलेल्या मुलांच्या श्रेणीत सुधारणा दिसली, पण ती लहान होती. 'मनोवृत्ती बदलली की पहिला नंबर' असे वाक्य वहीत दिसल्यास 'हे कशावरून?' एवढाच प्रश्न समासात लिहावा.

उदाहरणे मुलांच्या अंगणातली असावीत. केडगाव, यवत या भागात गुऱ्हाळे आहेत. काहिलीतील पाक केव्हा उतरवावा हे जाणणाऱ्या गुळव्याची मुलाखत मुलांना घेता येते. मात्र 'तुम्ही किती कष्ट केले?' या प्रश्नाला 'लय केले' यापलीकडे उत्तर येत नाही; 'आधण बिघडले तेव्हा पुढच्या आधणाला काय बदलले?' असे विचारल्यास ताव, मळी काढणे, पाकाची पारख अशी खरी माहिती बाहेर पडते, आणि गुळव्या कोणाकडून शिकला हेही कळते. माहितीपर लेखाचा अर्धा जीव प्रश्नांच्या तयारीत असतो.

दौंड तालुक्यातील केडगाव येथेच पंडिता रमाबाई (1858–1922) यांचे मुक्ती मिशन आहे. प्रचलित मराठी बायबलची भाषा सामान्य स्त्रियांना जड जाते असे वाटल्यावरून रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक या भाषा शिकून सोप्या मराठीत नवे भाषांतर केले, आणि ते छापण्याचे काम मिशनमधील स्त्रियांनी शिकून घेतले. या स्त्रिया 'जिद्दी' होत्या एवढेच लिहून मूल थांबल्यास लेख पुन्हा सुविचारावर घसरतो. त्यांना शिकविले कोणी, साधने कोठून आली, हे विचारताच शिकण्यामागील व्यवस्था नजरेत येते.

ती नजरेत येणे शिरूर-दौंडमध्ये विशेष अगत्याचे आहे. गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्यांच्या परिसरात ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात, आणि त्यांची मुले गावची शाळा अर्ध्यावर सोडून आलेली असतात; रांजणगाव आणि कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींमुळे घरी हिंदी बोलणारी मुलेही वर्गांत दिसतात. अशा मुलाचे मागे राहणे त्याच्या मनोवृत्तीच्या खात्यावर टाकणे हा सरळ अन्याय आहे. हा विषय अपयशाचे खापर मुलावर फोडण्यासाठी वापरला जाणार असेल, तर तो न शिकविलेला बरा.

प्रत्यक्ष लेखनासाठी तिसरी-चौथीला एक पान पुरते: व्याख्या, एक प्रयोग, एक स्थानिक उदाहरण आणि स्वतःच्या वहीतील पुरावा, उदाहरणार्थ जूनमध्ये चुकलेली हातच्याची वजाबाकी व दिवाळीनंतर बरोबर आलेली तीच वजाबाकी, आणि दरम्यान कोणती रीत बदलली ते. पालकांनी लिहून दिलेला किंवा मोबाइलवरून उतरविलेला लेख दोन तोंडी प्रश्नांत ओळखू येतो. त्यावर ओरडण्याऐवजी मुलाकडून तीच माहिती बोलून घ्यावी आणि ती त्याच्या शब्दांत लिहवावी. शिक्षकाचा शेराही या विषयाशी जुळला पाहिजे. मनोवृत्तीवरील लेखाखाली 'हुशार मुलगी' असे लिहिणे विसंगत आहे. 'मुलाखतीतला तिसरा प्रश्न नेमका होता, प्रयोगाचा शेवट अजून स्पष्ट कर' असा शेरा लिहावा, लाल शाईने पहिला मसुदा खोडू नये, आणि दुसरा मसुदा लिहावयास वर्गातच वेळ द्यावा.