पाटी पुसण्यापूर्वी : प्रोसेसरची कॅश आणि कर्नलमधील पुनर्रचना

नाशिकच्या आपल्या वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यास कोठी आणि स्वयंपाकघर यांतील नाते समजावून सांगावे लागत नाही. धान्याची पक्की नोंद कोठीच्या वहीत असते; परंतु दर मापासाठी कोठीपर्यंत जाणे परवडत नाही, म्हणून स्वयंपाकघरातील पाटीवर कच्चा हिशेब लिहिला जातो. तो हिशेब वहीत उतरवला नाही, तर वही खोटी ठरते. वहीत नवी आवक नोंदली आणि पाटी जुनीच राहिली, तर पाटी खोटी ठरते. संगणकशास्त्रातील एका अवघड विषयाचे बीज या दोन शक्यतांत आहे.

प्रोसेसर मुख्य स्मृतीहून पुष्कळ वेगवान असतो. म्हणून त्याच्या निकट एक लहान, वेगवान स्मृती ठेवलेली असते. तिला कॅश म्हणतात. रोख रकमेशी तिचा संबंध नाही. कॅश एकेक अक्षर साठवीत नाही, ओळ साठवते. अनेक प्रोसेसरांत ही ओळ 64 बाइटांची असते. तिच्या देखभालीच्या मुख्य क्रिया दोन : पाटीवरचा मजकूर वहीत उतरवणे म्हणजे ‘क्लीन’, आणि पाटीवरची ओळ रद्द करणे म्हणजे ‘इनव्हॅलिडेट’. आधी उतरवून मग रद्द करणे, ही दोहोंची जोडक्रिया.

1988 साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने 1991 मध्ये ‘परम 8000’ हा महासंगणक सिद्ध केला. त्यातील प्रत्येक ट्रान्सप्युटरला स्वतःची स्मृती होती आणि ते परस्परांना संदेश पाठवून काम करीत. आज आपल्या हातातील मोबाइलमध्ये अनेक प्रोसेसर एकच स्मृती वाटून घेतात. त्यांच्या पाट्यांचा मेळ बहुतांशी यंत्रणाच घालते. मात्र स्मृतीत परस्पर लिहिणारी काही उपकरणे या मेळाबाहेर राहतात. शिवाय आज्ञांची कॅश आणि माहितीची कॅश वेगळी असल्याने, नवा प्रोग्राम स्मृतीत लिहिल्यावर तो दोहोंकडे सारखा दिसेल याची काळजी कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, घ्यावी लागते.

2021 च्या ऑगस्टमध्ये लिनक्स कर्नलची 5.14 ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. तीत 64-बिट आर्म प्रोसेसरांसाठीच्या या फंक्शनांची पुनर्रचना समाविष्ट होती. पूर्वी अनेक नावांत ‘फ्लश’ हा शब्द होता. एका ठिकाणी त्याचा अर्थ माहिती उतरवून रद्द करणे असा होता. दुसऱ्या ठिकाणी माहिती उतरवणे आणि आज्ञांची कॅश रद्द करणे असा होता. एक शब्द आणि दोन अर्थ, हेच चुकीचे मूळ. ‘फ्लश डी-कॅश एरिया’ या फंक्शनाचे नवे नाव ‘डीकॅश क्लीन इन्व्हल पीओसी’ असे झाले. कोणती कॅश, कोणती क्रिया आणि कोणत्या बिंदूपर्यंत, हे तिन्ही आता नावातच आले. पीओसी म्हणजे स्मृती वाचणाऱ्या सर्वांना एकच मजकूर दिसतो तो बिंदू.

दुसरा बदल अधिक नाजूक होता. पूर्वी काही फंक्शनांना आरंभ आणि लांबी द्यावी लागे, तर काहींना आरंभ आणि शेवट. ती सर्व आरंभ-शेवट या एकाच पद्धतीवर आणली गेली. लांबी व शेवट दोन्ही आकडेच असल्याने त्यांची अदलाबदल झाली, तर कंपायलर तक्रार करीत नाही. म्हणून एकेक फंक्शन वेगळ्या लहान बदलात घ्यावे, ते वापरणारे प्रत्येक ठिकाण त्याच वेळी दुरुस्त करावे आणि नावे शेवटी बदलावी, हा मार्ग शहाणपणाचा ठरतो.

आता एक उदाहरण सोडवू. पत्ता 1000 पासून 100 बाइट रद्द करावयाचे आहेत. शेवट 1100, म्हणजे 1099 हा अखेरचा बाइट. 64 बाइटांच्या ओळी अशा पडतात : 960 ते 1023, 1024 ते 1087 आणि 1088 ते 1151. मधली ओळ पूर्णपणे आपली आहे. ती निःशंक रद्द करावी. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत शेजाऱ्याचाही मजकूर आहे. त्या नुसत्या पुसल्या, तर शेजाऱ्याची न उतरवलेली नोंद कायमची नष्ट होईल. म्हणून लिनक्समधील हे फंक्शन कडेच्या अर्धवट ओळी आधी उतरवते आणि मगच रद्द करते.

नवशिक्यास हा जादा भाग निरर्थक वाटून तो काढून टाकण्याचा मोह होतो. कॉर्टेक्स-ए53 या प्रोसेसरच्या काही आवृत्त्यांत दोष असल्यामुळे तेथे नुसत्या ‘क्लीन’च्या जागी जोडक्रिया वापरावी लागते; तीही वरवर पाहता अनावश्यकच दिसते. पुनर्रचना म्हणजे वर्तन अबाधित ठेवून रचना सुबोध करणे. ज्या ओळीचे कारण आपणांस समजले नाही, ती काढण्याचा अधिकार आपणांस अद्याप प्राप्त झालेला नाही. आधी कारण शोधावे, ते टिपणात लिहावे, मग हात लावावा.

अशा चुकीचा पुरावाही सहसा मागे राहत नाही. प्रोग्राम बंद पडत नाही. केवळ कधीतरी कोणाच्या तरी नोंदीतील काही अक्षरे बदललेली आढळतात, आणि तोवर मूळ मजकूर गेलेला असतो. ज्याची नोंद गेली, त्याला कॅश हा शब्दही ठाऊक नसतो. त्याच्या वतीने काळजी घेणे हेच या कामाचे मर्म होय. आमच्या विद्यार्थ्यांनी वरील उदाहरण पत्ता 2000 आणि लांबी 200 घेऊन पुन्हा सोडवावे, आणि कोणत्या ओळीत शेजारी राहतो, ते आधी शोधावे.